विमलनं हात वर करायला सांगितलं

रविवार, संध्याकाळ

कुर्डुवाडीहून गाडी उशिरा आली. शिवणसंस्थेच्या सभेत पोचले, तोवर उपविधीतली दुरुस्ती वाचून झाली होती. "कशाबद्दल गं?" मी विमलला विचारलं. "नुसता पत्ता बदलायचाय. कर की हात वर." केला. आम्ही दोघींनीच ही संस्था काढलेली, शंका कशाला घेऊ?

जिन्यात संस्थेतली शबाना म्हणाली, "ताई, शहराबाहेरच्या बायका आता सभासद नाहीत. तुम्ही स्वतःलाच काढलं की!"

माझाच हात!

परत वर जाऊन विमलला गाठलं. ती म्हणाली, "दोन तृतीयांश मतं होत नव्हती. तुझं एकच कमी पडत होतं."

सहकार खात्याच्या निबंधकांची मंजुरी येईपर्यंत दुरुस्ती लागू नाही. उद्या हरकत घेणार. विमल खोटं बोलली, असं त्यात लिहावं लागेल. तेवढं वाक्य अजून लिहवत नाही.