अक्काचं नाव दगडावर नाही

प्रिय महेश्वरी अक्का,

तुला अक्का म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. लिहितानासुद्धा दाराकडं बघून घेतलं, अव्वाच्या कानावर तर नाही ना गेलं! लिहिलेलं कानावर कसं जाईल, पण सवय अशी मोडत नाही. आपल्या घरात तुला अक्का म्हणायला बंदी होती, कारण अव्वाच्या लेखी तू गेलीसच नव्हतीस. त्र्याण्णवच्या भूकंपात आपलं गाव बसलं आणि घराच्या दगडी भिंतीखाली तू गेलीस. सहा वर्षांची होतीस. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये अव्वाच्या पोटी मी जन्मले आणि पाळण्यात घालताना तिनं माझ्या कानात तुझंच नाव सांगितलं. त्या वर्षांत गावातल्या बऱ्याच घरांत असं झालं, गेलेल्यांची नावं नव्या लेकरांना मिळाली. पण बाकीच्यांनी नुसतं नाव दिलं. अव्वा मात्र तूच परत आलीस असं धरून चालली.

तुझ्या आवडीनिवडींनी मला फार छळलंय, हे आधी सांगून टाकते. तुला हुग्गी आवडायची म्हणे. मला त्या गव्हाच्या खिरीचा वाससुद्धा नको वाटतो. पण सण आला की वाटी पुढ्यात यायचीच, आणि मी तोंड वाकडं केलं की अव्वा म्हणायची, "गेल्या खेपेला तर मागून मागून खायचीस." तू कानडी गाणी म्हणायचीस, मला सूर नाही. तू वेणी घालून घेताना गप बसायचीस, माझं डोकं एका जागी ठरायचं नाही. अव्वा त्यावर चिडायची नाही, नुसती कोड्यात पडल्यासारखी बघायची. त्यापेक्षा एक धपाटा घातला असता तर बरं वाटलं असतं. माया तिनं भरभरून केली, पण ती मला ओलांडून तुझ्याकडं जायची. लहानपणी तुझा फार राग यायचा मला. गेलेल्या पोरीशी भांडणार तरी कसं? मग ज्या जमिनीनं हे सगळं केलं तिचाच अभ्यास करायचं मनात घेतलं.

आता मी लोहाऱ्याकडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. पृथ्वीच्या कवचाचा धडा आला की आधी पोरींना सांगते, हे कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात आणि ते सारखे सरकत असतात, आपली नखं वाढतात तितक्याच हळू. खरी उलथापालथ होते ती बहुतेक त्यांच्या कडांवर. कुठं दोन भूपट्ट एकमेकांपासून लांब जातात, मधल्या फटीतून आतला तप्त रस वर येतो आणि समुद्राचा नवा तळ तयार होतो. कुठं ते समोरासमोर भिडतात, मग एक दुसऱ्याच्या खाली शिरतो, नाहीतर दोघांच्याही कडा चुरगळून वर येतात. हिमालय तसाच झाला. आणि कुठं ते एकमेकांना घासत शेजारून जातात. तिथं कडा अडकून बसतात, ताण साठत राहतो आणि एक दिवस एकदम सुटतो. पोरी हे सगळं पाठ करतात, आणि दरवर्षी एक तरी विचारतेच. यंदा अर्पिता नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आपण तर कडंला न्हाय, मधी हाव. मग आपल्याकडं का झाला?"

मी वर्गात सतरंजी अंथरली. एक टोक भिंतीला लावलं आणि दुसऱ्या टोकाकडून पोरींना रेटायला सांगितलं. भिंतीपाशी मोठी घडी उठली, तो हिमालय. पण सतरंजी मध्येच एका जागी विरलेली होती, तिथंही ती उचलली गेली. आपला भूपट्ट उत्तरेकडं रेटतोय, त्याचा ताण आत खूप लांबवर येतो आणि खाली जिथं जुनी कमजोर जागा असते तिथं खडक तुटतो. आपल्याकडं तसंच झालं असावं, असं जाणकार मानतात. पोरींना पटलं. मी सतरंजी गुंडाळत होते. धडक अव्वाला बसली आणि तडा माझ्यात गेला, एवढंच डोक्यात येत राहिलं.

नवं गाव वसलं तेव्हा चौकात स्मारक उभं राहिलं. गेलेल्या सगळ्यांची नावं दगडावर कोरायला घेतली. अप्पांनी तुझंही नाव सांगितलं होतं. ते कळल्यावर अव्वा मला कडेवर घेऊन तिथं गेली, मला दगडापुढं उभं केलं आणि जित्या पोरीचं नाव मेलेल्यांत घालता का, असं सगळ्यांना विचारलं. तिच्यापुढं बोलायची कुणाची छाती झाली नाही, अप्पांचीही नाही. तुझं नाव कोरायचं राहिलं ते राहिलंच. दर तीस सप्टेंबरला गाव स्मारकापाशी जमायचं तेव्हा अव्वा दार लावून स्वयंपाक करत बसायची. अप्पा एकटेच जायचे. दगडाच्या तळाशी जी मोकळी जागा आहे तिथं फूल ठेवून यायचे. अप्पा गेल्यापासून ते फूल मी ठेवते.

गेल्या वर्षापासून अव्वाला विसर पडायला लागला. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग गॅसवरचं दूध, मग अप्पा गेलेत हेसुद्धा. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढतच जाणार. मला वाटलं, सगळं पुसलं तरी महेश्वरी ही हाक तरी राहील. परवा शाळेतून आले तर ती ओट्यावर बसली होती. मला म्हणाली, बाई, बसा. मी बसले. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "माजी महेश्वरी भिताडाखाली गेली, बाई. लई हाका मारल्या तिनं. म्या कुणाला सांगितलंच न्हाय." आणि रडायला लागली, अक्का. मी तिला असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं. जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "तुमी कुणाची लेक?"

त्यानंतर ती एकच धोशा लावून बसली आहे, माझ्या पोरीचं नाव दगडावर घाला. म्हणून हे पत्र. उद्या बिराप्पा गवंडी तुझं नाव कोरणार आहे आणि मी अव्वाला तिथं घेऊन जाणार आहे. तुझ्यासाठी रडायचं तिचं राहून गेलं होतं, ते आता होईल, आणि ते बरंच आहे. पण तिला एकच लेक होती आणि ती गेली, एवढंच आता तिला ठाऊक आहे. मी तिचे केस विंचरणारी, तिला भरवणारी कुणी बाई. जन्मभर मला वाटत आलं की तू आमच्या मधून बाजूला व्हावंस. आता तू बाजूला झालीस, तर तिच्यापर्यंत जायला मला वाटच उरली नाही. तू असतीस तर उद्या तिच्याजवळ बसून सांगितलं असतंस, अव्वा, ही आपली धाकटी. तेवढं सांगणारं आता कुणीच नाही, अक्का.

तुझीच धाकटी बहीण,
महेश्वरी