घरावर सोडलेले पाणी

ता. ३ जून

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

अग्निशमन केंद्राच्या शंभरीचे पुस्तक लिहायचे काम तुझ्यासारख्या नववी नापास कारकुनाकडे आले, हे वाचून आधी हसू आले, मग अभिमान वाटला. बाजाराला आग लागली तेव्हा ती माझ्या बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, विझवली हे त्यात यायलाच हवे. आईने जपलेले वर्तमानपत्राचे कात्रण पाठवते. त्यात स्वच्छ छापले आहे, ‘यांनी घरावर पाणी सोडले.’ केंद्रात त्यांचा फोटो लागू दे. आमचे घर लाटणारी माझी चुलतबहीण केंद्रासमोरच राहते. रोज बघेल आणि जळेल.

लोभ आहेच, फोटो लागला की वाढेल.

आत्या

ता. ११ जून

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

साहेब म्हणाले, कात्रणावर भागणार नाही, त्या दिवसाचा अख्खा अंक दाखव. म्हणून ग्रंथालयात गेलो. तिथल्या बाईंनी जुन्या अंकांचा गठ्ठा पुढ्यात आपटला आणि शिंकायचे तर बाहेर जा, असे बजावले.

अंक मिळाला. आगीची बातमी पहिल्या पानावर आहे, तिच्यात आजोबा नाहीत. तुझे वाक्य तिसऱ्या पानावर, कोर्टाच्या बातम्यांत आहे. पुन्हा पुन्हा तपासले. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, दुर्दैवाने. धाकट्या भावाच्या पदरात पोरांचे लेंढार, म्हणून थोरल्याने वाटणीच्या घरावर पाणी सोडले. म्हणजे हक्क सोडला. आत्या, घर कुणी लाटले नव्हते. आजोबांनीच दिले होते.

साहेबांना अजून बोललो नाही. मजकूर सोमवारी छापखान्यात जाईल. आजोबांना ठेवू की काढू? तू म्हणशील तसे करीन, पण खोटे लिहायला सांगू नकोस.

लोभ या पत्रानंतरही टिकावा, ही विनंती.

तुझा भाचा

ता. १५ जून

चि. भाच्यास आशीर्वाद. शिव्या खाली आहेत.

गाढवा, आधी वाटले तुझ्यावरच पाणी सोडावे. दोन दिवस घरात सगळ्यांवर खेकसले. बाबांना एका शब्दाने सांगायला काय झाले होते? पण मीही कधी विचारले नाही. त्यांना पुस्तकातून काढ. न विझवलेल्या आगीचे श्रेय त्यांनी घेतले नसते.

काल चुलतबहिणीकडे गेले. माफी मागायला गेले, पण दार उघडताच सवयीने ओरडले, की पायरी किती घाण ठेवलीस. ती म्हणाली, मग पाय पुसून आत ये. चहा टाकता टाकता तिने विचारले, इतकी वर्षे होतीस कुठे. मी सांगितले, एक ओळ वाचत होते.

हे पत्र तिच्याच टेबलावर लिहिते आहे. ती मागून डोकावते आणि माझ्या वेलांट्या सुधारते. लोभ दोघींवर सारखा ठेव.

तुझ्या दोन्ही आत्या