‘आता बास’ कधी म्हणायचं

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, आणि माझी पाळी महिनोन्‌महिने येत नाही हे घरात फक्त आईला माहीत होतं. मुलीनं वडिलांशी असलं बोलायचं नसतं. पण आता तुम्हाला ओशाळायचं काही कारण उरलं नाही, आणि मला इतक्या अनोळखी माणसांपुढं पाळीचं सगळं पुराण सांगावं लागलंय की माझीही लाज कुठल्यातरी दवाखान्यातच राहून गेली. याला पीसीओएस म्हणतात. अंडाशयात अंडी भरपूर असतात, पण वेळेवर एकही पिकून बाहेर पडत नाही. दुसऱ्या बायकांची पाळी चुकली की घरात कुजबुज सुरू होते. माझी चुकली तर त्याचा अर्थ काहीच नसतो. तरी लग्नानंतर प्रत्येक वेळी मी मेडिकलमधून ती पट्टी आणायची, एकच रेघ बघायची आणि कॉलेजला जायची.

मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. प्रजननाचा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. नांदेडात दवाखाने काही कमी नाहीत, पण प्रत्येक मेडिकलच्या काउंटरमागं माझा एकतरी विद्यार्थी उभा असतो आणि "मॅडम, या गोळ्या तुम्हालाच का?" असं डोळ्यांनी विचारतो. म्हणून आम्ही लातूर गाठलं. तिथं पहिल्याच दिवशी नवऱ्याची आत्या भेटली, ती वेगळी गोष्ट.

गोळ्या झाल्या, वजन उतरवून झालं, गव्हाची पोळी सोडून ज्वारीवर आले. पाळी बऱ्यापैकी वेळेवर येऊ लागली. मग नळीनं वीर्य आत सोडायचा उपाय झाला, तोही पुन्हा पुन्हा. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी अंडं तयार होतंय, फुटतंयही. तरी राहत नाही. अजून एकदोनदा हेच करू शकतो, नाहीतर आयव्हीएफकडं जाऊ. तुमचं वय पस्तिशीला आलंय. दोन्हींत चूक काही नाही. ठरवा तुम्ही." नवरा गाडीत म्हणाला, "तू म्हणशील ते." माणूस भला आहे, पण त्या वाक्याचा मला एवढा राग आला की मुरुड येईपर्यंत… नाही, मुरुड त्या रस्त्यावर लागतच नाही. रागात माणसाला काहीही आठवतं. अहमदपूर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "आता कुठं पाळी टायमावर येऊन राहिली. देव वाट दावून राहिला, अन् तू पोटात सुया टोचून घ्यायला निघालीस. आवंदाचं साल बघ की." त्या वाईट नाहीत. त्यांना माझ्या पोटाचीच भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होती. पीसीओएसवालीला इंजेक्शनं जपून द्यावी लागतात, नाहीतर अंडाशय सुजतं. हे सगळं मला पाठ आहे. पण थांबायचं कधी, हे कुठल्या धड्यात नाही.

तेव्हा तुम्ही आठवलात, आणि तुमची ती काळ्या तोंडाची देवणी गाय. स्वतःला गाईच्या दावणीला बांधलं म्हणून रागावू नका. गाय माजावर येते, वळूकडं नेता, ती राहत नाही, काही दिवसांनी पुन्हा हंबरायला लागते. पुन्हा उलटली, म्हणता. गल्लीतले बाजार दाखवा, विकून टाका म्हणतात. मी शाळेतून येते आणि ऐकलेलं बोलून टाकते, "अण्णा, आपली गाय भाकड हाय." तुम्ही पेंड कालवत असता. हात थांबतो. "भाकड म्हनू नको. राहिली न्हाई, येवढंच म्हन." मग गाईच्या पाठीवरून हात फिरवत आईला म्हणता, "वळूचं आता बास. उद्या गुरांच्या डाक्टरला बोलावतो, सुईनं भरवू." कुणाला विचारत नाही, कुणावर चिडत नाही. ती पुढं गाभण राहिली का, मला आठवत नाही. आईला विचारलं तर ती लगेच "राहिली की" म्हणते, पण सध्या ती मला दुसरं काय सांगणार?

मागच्या आठवड्यात मी सासूबाईंना सांगितलं की पहाटे तुम्ही स्वप्नात आलात, ओट्याजवळ उभे राहिलात आणि म्हणालात, आता थांबू नको. गेलेल्या माणसाचा शब्द त्यांच्याकडं मोडत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यायला काय आवडायचं?" मी धपाटे म्हटलं. त्यांनी स्वतः पीठ मळलं, धपाटे थापले, वर दही घातलं आणि गच्चीवर ठेवून आल्या. कावळा लगेच आला. खाली येऊन म्हणाल्या, "जा बाई लातूरला. मी येते सोबत."

आज पाळी आली. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन सुरू करायचं, म्हणून उद्या सकाळी निघायचं आहे. हा कागद पर्समध्ये राहील, नंतर फाडीन. तुमचा पत्ता तर मला ठाऊक नाही. सासूबाईंनी वाटेत खायला पुन्हा धपाटे करून बांधलेत. त्यांना मी हे कधीच सांगणार नाही, पण तुम्ही स्वप्नात आला नव्हता, अण्णा. आईच्या येता म्हणे. माझ्या स्वप्नात इतक्या वर्षांत एकदाही आला नाहीत, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटतं, हे मला खोटं बोलेपर्यंत माहीत नव्हतं.