अडीच फुटांचं पाऊल

अमळनेर,
१२ एप्रिल १९९३

तीर्थस्वरूप अभिमननाना यांस,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, लीलाधरचा, वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, जेवढं वाकवलं तेवढं गोड मानून घ्या. कारण पुढे येईल.) साक्रीला ऊन कसं आहे? भागावहिनी गुडघ्याला तेल लावतात की अजून चालढकलच?

तुमच्या बहिणीचं, सुंदरचं, दिवाळीत मोडलेलं मांडीचं हाड जुळलं, देवाची कृपा. डॉक्टर म्हणाले, रोज एक किलोमीटर विनाकाठी चालल्या तर अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, माहेरी जा, नाहीतर यंदा नाही. झालं! घरात दुसरा विषय नाही. जावईबापूंनी मुंबईहून पावलं मोजायचं यंत्र पाठवलं. डबीएवढं, कमरेला अडकवायचं. आधी त्यात पावलाची लांबी लावायची, मग ते चाललेलं अंतर सांगतं. आता मी तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेली, मला कोण शिकवणार? माझं पाऊल अडीच फुटांचं, हे आमचे साहेबसुद्धा मान्य करायचे. लावले अडीच फूट आणि मोकळा झालो. यंत्र सुंदरच्या कमरेला, तर पाऊलही तिचंच हवं, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही!

तिसऱ्याच आठवड्यात काटा किलोमीटरवर! मी पेढे आणले (चार मीच खाल्ले), सुंदरनं माहेरची पिशवी भरायला घेतली. पण मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येऊन किलोमीटर होईलच कसा? मला स्वस्थ बसवेना. यंत्राची तपासणी आहे अशी थाप मारून मी तिचे पाय ओले केले आणि हात धरून तिला अंगणातल्या फरशीवर चालवलं. आपल्याकडचं ऊन ते, पट्टी टेकवेपर्यंत पावलं वाळून गायब. मग गेरू कालवला. त्यात माझेही पाय बरबटले. सुंदर ओरडली, "बठ्ठं आंगन लाल करी टाकं!" मी ओणवा होऊन मोजत राहिलो (कंबर इथे गेली). नाना, तिचं पाऊल पंधरा इंच. म्हणजे रोजचं चालणं बरोब्बर निम्मं.

आणि शेजारची माझी पावलं? तीही पंधराच इंच. तिचा हात धरून चालताना ती कधी आखडली, मला कळलंही नाही. वाईट मात्र वाटलं नाही, खरं सांगतो.

पण भरलेली पिशवी रिकामी कर, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? सर्वांना यथायोग्य नमस्कार.

आपला,
लीलाधर

ता. क. : खरं काम हे. तुमचं घर स्टँडपासून पाऊण किलोमीटर तरी आहे, आणि माहेरच्या दारात चालतच जायचं हा तिचा हट्ट. ड्रायव्हरला गाठून बस तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवाल का? स्टँड तिकडे हलवलं म्हणून सांगू. डॉक्टरांना मी बघतो.

ता. क. २ : पत्र उघडं टाकून मी दुपारी लवंडलो, तेवढ्यात तिनं वाचलं. हसून हसून खाली बसली. तुमच्या साक्रीच्या बोलीत म्हणाली, "पस्तीस वरीस तुमना मांगे चालनी. तुमनं एक पाऊल म्हंजे मन्हा दोन. हाई समजाले पट्टी लागस का?" यंत्र खोटं बोलतंय हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून मी दुपारी घोरायला लागलो की बाईसाहेब देवळापर्यंतची दुसरी फेरी एकट्या मारून येत होत्या. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही, नाना!

तेव्हा स्टँड जागेवरच असू द्या. आखाजीचा झोका तेवढा बांधून ठेवा. आम्ही चालत येतो. ती पुढे, मी मागे.