तीनशे अठरावा पॅरा

सोमवार, ४ मार्च
आलो बाई एकदाचे! मी, धाकटी बहीण आणि अकरा खोकी. वसाहतीच्या कचेरीत टायपिस्टची नोकरी, राहायला मागच्याच दोन खोल्या. धाकटी एकोणीस वर्षांची, पण खोकं उचलायची वेळ आली की तिची कंबर साठीची होते! आई गेल्यापासून तिला मी सांभाळते; तिच्या मते ती मला. पडदे कुठले लावायचे यावरून कडाक्याचं भांडलो आणि मग पोट दुखेपर्यंत हसलो.

मंगळवार, ५ मार्च
काम सोपं आहे. काँप्युटरवर एकच लांबलचक फाइल. वसाहतीतल्या प्रत्येक माणसाचा एक पॅरा, घरांच्या ओळीने: वय, काम, नातं, सवयी. हेडक्लार्कनी आमचेही दोन शेवटी घालायला लावले. मी ३१७, धाकटी ३१८. तिच्या पॅऱ्यात मी मुद्दाम लिहिलं, खोटं बोलली की कान लाल होतात.
पण आकडे हाताने टाइप केलेले! वर मधले सहा चक्क गाळलेले. २९ नाही, ८८ नाही. आकड्यांना हात लावायचा नाही, अशी हेडक्लार्कची ताकीद. जुनी खोडं, दुसरं काय!
चहा करणाऱ्या मावशी सकाळी आपल्या दारात उभ्या राहून हाका मारत होत्या. कुणाला, विचारलं तर म्हणाल्या, ८८ला.

बुधवार, ६ मार्च
मला कुठलं राहवतंय! सगळे पॅरे निवडले आणि आपोआप क्रमांक चालू केले. क्षणात फटी बुजल्या. १ ते ३१२, कसे शिस्तीत. धाकटी आता ३१२. स्वतःचीच पाठ थोपटली.

गुरुवार, ७ मार्च
हेडक्लार्कनी फाइल पाहिली आणि आधी कचेरीचं दार लावून घेतलं. म्हणाले, इथे अधूनमधून माणूस नाहीसा होतो. त्याचा पॅरा जातो, आणि सगळ्यांच्या डोक्यातूनही तो जातो, अगदी जन्मदात्या आईच्याही. गाळलेला आकडा तेवढा उरतो. तो आकडा ज्या घराच्या ओळीत गळला, तिथल्यांनी दारात उभं राहून हाका मारायच्या. दोघं परत आलेत तसे. आता फटच नाही, तर हाक कोण मारणार?
मावशी आज दारात नव्हत्या. ८८चं विचारलं तर म्हणाल्या, कसलं ८८? आणि चहा गाळायला लागल्या.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काय करून बसले मी!

शुक्रवार, ८ मार्च
शेवटचा आकडा ३११. एक माणूस गेलं. कोण? फट नाही, कळणार कसं? आकडे पुसून पुन्हा हाताने टाकले. एंटर दाबलं की सगळे परत सलग. कपाटातली छापील प्रत काढली — तीही सलग.
हेडक्लार्कना म्हटलं, काहीतरी करा. कसले गाळलेले आकडे, असं त्यांनी विचारलं. थट्टा करत नव्हते.

शनिवार, ९ मार्च
३०८. धाकटीला सगळं सांगितलं. इथून निघायचं ठरलं. पण बाहेरची गाडी थेट सोमवारी. तोवर तिला नजरेआड होऊ देणार नाही. माझ्या शहाणपणापायी तिचं काही झालं तर —

रविवार, १० मार्च
३०४. तिचा हात धरून बसलेय, एका हाताने लिहितेय. भीती वाटत नाही म्हणते.
कान लाल.

सोमवार, ११ मार्च
३०१. शेवटचा पॅरा माझा.
पर्समध्ये गाडीची दोन तिकिटं. दोन कशाला काढली? वेंधळी कुठली मी. डावा हात आखडलाय, रात्रभर काहीतरी घट्ट धरल्यासारखा.

सोमवार, दुपार
वरची पानं वाचली. अक्षर माझंच. कोण ही धाकटी? मला बहीण —
दारात उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडलं. कुणाला मारू? नाव वर कुठेच नाही. समोरून गाडी गेली.

मंगळवार
२९८. माझ्यामागे कुणी नाही.
या वहीत हाताने लिहिते. इथे आपोआप काही होत नाही.
३१८. माझी बहीण. एकोणीस वर्षांची. हे वरून उतरवलं. पुढचं मलाच आठवायला हवं. दिसायला ती —