अबोल्याची तालीम

२९ नोव्हेंबर
मंडळाचे सेक्रेटरी सकाळीच येऊन बसले. यंदा नाटक करायचंच, आणि ते मी बसवायचं. म्हटलं, मी प्रॉम्प्टर. जन्मभर विंगेत बसून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजली. बसवायचे ते हे.
"काका गेल्यापासून स्टेजवर खुर्च्या रचून ठेवल्या आहेत, काकू. आणि तुम्ही तर लायब्ररीतली सगळी नाटकं वाचून बसल्या."
वाचणं आणि बसवणं एकच असतं का? पण हो म्हटलं. चहा थंड झाला होता, त्यांना घालवायचं होतं.
नाटक सेक्रेटरींनी स्वतः लिहिलेलं. दोन भाऊ. मोठा गावाकडे, धाकटा इथे प्लांटमध्ये. वाटणीवरून बिनसलेलं. शेवटी मोठा धाकट्याच्या दारात येऊन चार पानं ओरडतो. बाहेर विजा कडाडतात. लाल लाईट.
विजा कशाला, विचारलं. म्हणे, वातावरण.

२ डिसेंबर
धाकटा भाऊ – तुषार. हथखोजच्या कारखान्यात आहे, ड्यूटीवरून थेट येतो, उभ्याउभ्या पेंगतो. नाटकात त्याची बायको – पल्लवी, बँकेत काम करते. मराठी घरापुरती. आज म्हणाली, "काकू, ये डायलॉग बहुत लंबा होऊन राहिला."
मोठा भाऊ कोण? सेक्रेटरी चपलेकडे बघत म्हणाले, "आवाज तर एकच आहे भिलाई-दुर्गात."
मला माहीत होतं कोणाचा. भाऊजींचा. ह्यांचे सख्खे धाकटे भाऊ, ह्यांच्या एकूण एक नाटकात होते. हे गेल्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.
म्हटलं, विचारा. मनात, नाही म्हणोत.

५ डिसेंबर
हो म्हणाले! दुर्गहून स्कूटरवर आले. कानटोपी, मफलर, रेल्वेतून रिटायर झाले तरी तीच खाकी पिशवी. माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि तुषारला म्हणाले,
"डायरेक्टरले विचार, मी डावीकडून येऊ का उजवीकडून?"
मी दोन हातांवर. तुषारला म्हटलं, "डावीकडून."
तुषार म्हणाला, "काका, डावीकडून."
"ऐकू आलं मले. बहिरा नाही मी."
मग विचारायचं कशाला दुसऱ्याच्या तोंडून! पल्लवी पदर नाही म्हणून ओढणी तोंडात कोंबून हसत होती. दोन तास हेच. तुषार बिचारा टेबलटेनिसच्या चेंडूसारखा इकडून तिकडे मान फिरवत होता. निदान झोपला तरी नाही.

६ डिसेंबर
कंबर धरली. तालीम नाही.
हॉस्पिटलात हे मला म्हणाले होते, "माझी तेरवी करू नको. पंगत उठवू नको." खोलीत मी एकटी. सिस्टर बाहेर गेली होती. मी तसंच केलं. भाऊजी म्हणाले, "दादा असं म्हणूच शकत नाही." म्हणजे मी रचलं. त्यांनी गावी जाऊन तेरवी घातली, सगळं गाव जेवलं, मी गेले नाही. तिथून तोंड बंद.
मी खोटी, हे त्यांनी ठरवलं ते ठरवलं. साक्षीदार कुठून आणू? तो फोटोत बसला आहे.

१० डिसेंबर
भांडणाचा प्रवेश केला. वाईट. भाऊजींचा आवाज मस्त, हॉलच्या काचा हलल्या, आणि मला काहीच झालं नाही. दोन माणसं ओरडत आहेत एवढंच. चौकीदार बघायला आला, तो बिडी विझवून परत गेला.
सेक्रेटरी म्हणाले, "विजा आल्या की जमेल."
डोकं दुखलं.

११ डिसेंबर
हे स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने स्टेज काढायचे आणि माझे डबे पात्रं म्हणून मांडायचे. मी ओरडायची, तूरडाळीशिवाय वरण कसं करू? आज मीच खडू घेतला. तूरडाळ मोठा भाऊ, साखर धाकटा. दोन टोकांना ठेवले. काही नाही, दोन डबे. मग जवळ आणत गेले. इतके जवळ की मध्ये हात जाईना. तेव्हा वाटलं, हां. लांबच्या माणसांचं काय बिघडायचं? एकाच दारातून अंग चोरून जावं लागतं तेव्हा कळतं.
गुडघे आखडले, उठता येईना. तूरडाळीला धरून उठले.

१४ डिसेंबर
दार अरुंद केलं. दोन बाकडी उभी करून. भाऊजी आणि तुषार समोरासमोर आले की एकाने आडवं व्हायचं. चार पानांपैकी तीन पानं काढली. सेक्रेटरींचा चेहरा बघवेना.
"काकू, ते माझ्या काळजातून आलं होतं."
म्हटलं, राहू द्या की काळजात.
आता मोठा भाऊ ओरडत नाही. धाकट्याशी बोलतच नाही, त्याच्या बायकोला सांगतो. "त्याले सांग, धान झालं." हे पल्लवीला फार छान जमतं, कारण गेले दहा दिवस ती रोज बघते आहे. भाऊजी पण चांगले करत होते. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळलं का, माहीत नाही. कळलं असेल तर दाखवलं नाही.
फक्त शेवट राहिला. बोलत नाही तर येतो कशाला?

१६ डिसेंबर
सुचलं. इतकं समोर होतं की हसू आलं.
भाऊजी बोलत नाहीत, पण गावचा नवा तांदूळ दरवर्षी आणतात. पांढऱ्या कापडाची चुंगडी, तोंड सुतळीने बांधलेलं. कोहक्याच्या माझ्या घराच्या ओट्यावर ठेवतात, बेल दाबतात, आणि मी दार उघडेपर्यंत स्कूटर चालू. पाठ दिसते, कानटोपी दिसते. घोटभर पाणी नाही घेत ह्या घरचं. मी चुंगडी धुऊन परत पाठवते. रिकामी नाही, रिकामं भांडं कोणी परत देतं का? मुगवड्या, लोणचं, काही घालून. साधना, माझी जाऊ, गुपचूप फोन करते, "ताई, वड्या ह्यांनीच संपवल्या. मले दोन भेटल्या."
तर शेवट असा: मोठा भाऊ चुंगडी ठेवतो, बेल दाबतो, जातो. बायको दार उघडते. चुंगडी आत घेते. पडदा.
वीज नाही, लाल लाईट नाही.

१७ डिसेंबर
व्हायचं ते झालं. मी तशीच दुसरी चुंगडी वाळूने भरून घेऊन गेले. त्यांच्या हातात दिली, म्हणजे तुषारने दिली. भाऊजींनी सुतळीची गाठ बघितली. बराच वेळ बघितली. मग खाली ठेवली.
"डायरेक्टरले सांग, घरची गोष्ट चौकात नाही मांडत. मी तमाशाले नाही आलो."
मी सरळ त्यांनाच म्हटलं, "भाऊजी, कोणाला कळणार आहे?"
तुषारला म्हणाले, "मले कळते ना."
गेले. पिशवी इथेच राहिली.
चिडवायला केलं नव्हतं मी. दुसरं कुठून आणू? पुस्तकातून आणलेलं तर आधीच पडलं होतं. एका घरची माणसं असून, एका माणसासाठी रडून आम्ही दोघं हे असे. ते सोडून मला काय माहीत आहे?

२० डिसेंबर
सेक्रेटरी खूश. "मग आपलं भांडण परत घेऊ? विजेची सीडी आहे माझ्याकडे."
दार लावून घेतलं.

२२ डिसेंबर
साधनाचा फोन. आवाज खाली.
"ताई, तांदूळ येऊन आठ दिवस झाले. तुमची चुंगडी भरून दाराशी ठेवली हाय. रोज बघतेत अन् बाजूनं निघून जातेत. मी म्हटलं, देऊन या ना. तर माझ्यावर भडकले, तू कावून बोलून राहिली मधात?"
"मी काय करू, सांग."
"मले नका विचारू बापा. दोघांच्या मधात माझी चटणी होऊन राहिली."
म्हणजे नाटकापायी तेही गेलं. वर्षातून एकदा बेल वाजायची. त्या दिवसांत दुपारी मी झोपत नसे.
फोटोतल्या माणसाला म्हटलं, एका माणसासमोर तरी बोलायचं होतं हो. सिस्टरला थांबवायचं होतं.

२४ डिसेंबर
हरले. तुषारच्या हाती निरोप पाठवला – चुंगडी काढली, या. शेवट हवा तसा करा. खाकी पिशवीही पाठवली.
हा निरोप द्यायला तो ड्यूटी करून दुर्गला गेला. पोरगं चांगलं आहे. "काकू, मी तो पोस्टमन बन गया," म्हणाला.

२७ डिसेंबर
आले. नमस्कार तुषारला. शेवट चुंगडीशिवाय केला. दारापर्यंत येतात, बेल दाबतात, जातात. पुन्हा केला. पुन्हा. मेलेला प्रवेश. ते स्वतःच मध्येच थांबले, दोन्ही हात पुढे धरून बघत राहिले. मग तुषारला,
"डायरेक्टरले विचार, हात कुठं ठेवू?"
जीभ चावली मी. नाहीतर सांगितलं असतं.
"खिशात ठेवा म्हणावं," एवढंच म्हटलं.
खिशात घातले. शोभले नाहीत. त्यांनाही कळलं, मलाही. पल्लवी हळूच म्हणाली, "काकू, वो बोरीवाला ही अच्छा था." बोरी म्हणते, पण कळतं तिला.

२ जानेवारी
रंगीत तालीम. हात खिशात. हॉलमध्ये थंडी, माईक कुईं करतो. आता जे होईल ते होवो. उद्या एकदाचं संपू दे.

३ जानेवारी
संपलं. झोपायच्या आधी लिहून ठेवते.
हॉल भरला होता. सेक्टरमधली जुनी माणसं, कोणी कोणी नातवंडांच्या हाताला धरून. मी विंगेत माझ्या जुन्या जागी, स्टुलावर, मांडीवर संहिता. भाऊजी उशिरा आले. मेकअपच्या खोलीत गेलेच नाहीत, मागच्या दाराने थेट पलीकडच्या विंगेत. मला फक्त कानटोपी दिसली.
अरुंद दाराला लोक हसले, मग हसायचे थांबले. चांगलं झालं. शेवट आला. भाऊजी डावीकडून आत आले ते खांद्यावर चुंगडी घेऊन.
वाळूची नाही. ती माझ्या घरी आहे. ही भरलेली, खांदा वाकला होता. पांढरं कापड, कडेला मी निळ्या दोऱ्याने मारलेला टाका. माझीच.
दाराशी ठेवली. तांदूळ बसल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. बेल दाबली. आता जायचं होतं. गेले नाहीत. उभे राहिले.
पल्लवीने दार उघडलं आणि समोर माणूस! तिच्याकडे वाक्य नाही. माझ्याकडे बघते. मी संहितेत बघते, तिथेही नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा मला द्यायला ओळ नव्हती.
मग भाऊजी म्हणाले, "पाणी दे, पोरी."
स्टेजवर पाणी कुठलं? घर म्हणजे दोन बाकडी. माझ्या पिशवीत बाटली होती, घरून भरून नेलेली, आणि माझा स्टीलचा पेला. ओतताना अर्धं लुगड्यावर सांडलं. पल्लवी विंगेपर्यंत आली, तिच्या हातात दिला.
प्यायले. उभ्याने, सगळा. टोपी मागे सरकली. पेला तिच्या हातात परत दिला आणि निघून गेले. पल्लवीने चुंगडी ओढत आत घेतली, तिला उचलेना. पडदा.
टाळ्या झाल्या असतील. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, पाण्याचं आधी सांगायचं तरी!"
मी मागे गेले तोवर स्कूटर निघून गेली होती.
ता.क. पेला कोणाचा, बाटली कुठली, हे भाऊजी उभे होते त्या दारातून दिसतं का, ते उद्या जाऊन बघणार होते. नाही बघणार.

४ जानेवारी
तुषारने चुंगडी घरी आणून दिली. भात केला. नवा तांदूळ, पाणी जास्त झालं, गिचका झाला. तसाच खाल्ला. ह्यांच्या फोटोपुढे थोडा ठेवला.
साधनाचा फोन नाही. मी केला तर उचलून म्हणाली, "आल्यापासून काहीच नाही बोलले, ताई. जेवले अन् झोपले. पाण्याचं म्या विचारलं, तर म्हणतेत, नाटकात होतं."
नाटकात नव्हतं.

६ जानेवारी
तांदूळ डब्यात भरला. चुंगडी धुतली. ऊन नाही, सुकत नाही.
आत काय घालू? वड्या यंदा केल्याच नाहीत, तालमीत वेळ कुठे होता. संक्रांत जवळ आहे, पण तिळाचे लाडू नकोत. टोमणा वाटेल, आणि असेलही. लिंबाचं लोणचं आहे, अजून मुरलं नाही.
आणि पाठवू कोणाबरोबर? तुषार तयार आहे. सांगितलं, उद्या ये. मग सांगितलं, नको येऊ, फोन करते.
दुर्गची बस चौकातून मिळते. ओट्यावर ठेवायची, बेल दाबायची. एवढं मला येतं. मग निघायचं की उभं राहायचं, ते काही ठरत नाही.
दोरीवर बघून आले. अजून ओली आहे.