रानातल्या आईचा उजवा हात

आबा,

पत्राच्या माथ्यावर जे लिहायचं असतं ते मी लिहीत नाही. तीर्थरूप, साष्टांग, इकडील क्षेम, सगळं मला येतं, पण ते मांडत बसले तर खरं बोलायचं पुन्हा राहून जाईल. इतकी वर्षं मी तेच करत आले. तुम्हाला अक्षर येत नव्हतं आणि तुम्ही होतात तेव्हा मलाही नव्हतं. तुम्ही गेल्यावर मामंजींची नजर मंदावली, पोथी वाचून दाखवायला घरात कोणी नाही, म्हणून त्यांनीच मला धुळाक्षरं गिरवायला बसवलं. सासूबाई म्हणाल्या, "वा! गुरवाची सून आता सरकारी दफ्तरात बसणार वाटतं." बसले नाही, पण पोथ्यांची तीन पारायणं करून झाली. मोडी मात्र मला आलीच नाही. हे सगळं बाळबोध आहे, कोणाच्या हाती पडलं तर घडाघडा वाचेल, आणि ती धास्ती मनात ठेवूनच मी लिहायला बसले आहे.

काल मी रानात जाऊन आले. तुमचा पुतण्या, तुमच्यामागे रानातल्या आईची, आपल्या देवीची, पूजा ज्यानं चालवली तो, आता माझ्यासारखाच पांढरा झाला आहे. त्यानं दूध घालायला येणाऱ्या गवळ्याच्या हाती निरोप धाडला होता, "रान पुन्हा उभं राहिलंय, आक्काला म्हणावं एकदा बघून जा." तुम्ही गेल्यानंतर मी तिकडे फिरकले नव्हते. कधी बाळंतपण, कधी गुडघे, कधी नुसतंच जमत नाही. कसबा पेठेतल्या बाईला सबबी कमी पडत नाहीत. पण काल पहाटे नैवेद्याची खीर एका गडूत घेतली, थोरल्या नातीला सोबत घेतलं आणि निघाले. लाकडी पूल ओलांडला, पलीकडची बागायत मागे टाकली, कोथरूड गावाच्या विहिरीवर पाणी प्यालो आणि टेकडीच्या पायथ्याची वाट धरली. वाटेत नात विचारत होती, "आजी, तिथं आहे तरी काय?" मी म्हटलं, "काही नाही. झाडं आहेत."

आबा, खरंच उभं राहिलंय हो. ऐनाच्या ज्या बुंध्यांवर तेव्हा नुसती खपली उरली होती, त्यांच्या कडेकडेनं फुटवे आले होते, ते आता माझ्या दोन हातांच्या कवेत मावत नाहीत. हिरडे आहेत, बेहडे आहेत, आईच्या माथ्यावरची जांभूळ तर तशीच, तिला तेव्हाही कुणी हात लावला नव्हता. आत शिरताना माझ्या पायांनी आपोआप वहाणा काढल्या. नातीनं वाटेतली वाळकी काटकी उचलली तर मी तिच्या हातावर चापट मारली, तुम्ही मला मारायचात तशीच. इथलं पान तोडायचं नाही, पडलेलं लाकूड उचलायचं नाही, मोठ्यानं हाक मारायची नाही. नात जांभळीखाली बसली आणि म्हणाली, "किती निवांत आहे गं इथं!" मला रडू फुटलं. मला तिथं निवांत वाटलं नाही. कधीच वाटलं नव्हतं.

हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. माझी आई मला आठवत नाही. आई म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तो शेंदरी दगड येतो, आणि लहानपणापासून त्या दगडाचा मला राग होता. सकाळी तिचं पाणी, तिची फुलं, दुपारी तिचा नैवेद्य, संध्याकाळी तिचा दिवा. तुमच्या बोलण्यात सुद्धा सगळं तिचंच. माझं लग्न झालं, कसब्यातून दोनदा बोलावणं आलं, आणि दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "आईचं कोण बघंल? माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय पोरी, तुझ्या डोळ्यांनीच तर मी तिला बघतो." मी म्हणायची, "मग तुम्हीच चला ना माझ्याबरोबर. मामंजी नाही म्हणायचे नाहीत." तुम्ही हसायचात. "तिला टाकून कुठं जाऊ? येडी का काय तू!" मला त्या हसण्याचा इतका संताप यायचा म्हणून सांगू!

कौल लावायला तुम्हीच मला शिकवलंत. कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवायच्या, एक आईच्या या खांद्यावर चिकटवायची, एक त्या, मग गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिल्याच दिवशी मी माझ्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं तेव्हा तुम्ही माझे खांदे धरलेत, मला गर्रकन फिरवलंत, माझी पाठ दगडाला टेकवलीत आणि म्हणालात, "आता तुझा उजवा हात वर कर. हां. त्यो तिचा. उजवं म्हणजे आईचं उजवं, बघणाऱ्याचं नव्हं. बघणारे काय, रोज बदलतात." पाठीला लागलेला तो गार दगड मला अजून आठवतो. तेव्हा मला कळलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

मग शनिवार पेठेतल्या त्या बड्या वाड्याचा कारभारी आला. सोबत दोन सुतार, आल्या आल्या ऐनांच्या खोडांवर बोटांनी ठोकून बघणारे. वाड्याला खांब हवे होते, तुळया हव्या होत्या. कारभारी बोलायला मोठा गोड. "आईची आज्ञा असेल तरच हो गुरव. नाहीतर लाकूड काय, कोकणातून वर येतंच, फक्त घाट चढून येतं." पाटील आले, सगळं गाव बांधापाशी जमलं. जवळ फक्त तुम्ही, मी आणि मिसरूड फुटलेला तुमचा पुतण्या. तुम्ही कळ्या लावल्यात, गाऱ्हाणं घातलंत, हात जोडून डोळे मिटलेत. मिटले काय आणि उघडे काय, तुम्हाला सारखंच. जांभळीवर एक पाखरू बोलत होतं. कळी पडली. आईच्या डाव्या खांद्यावरची. नकार होता, आबा. स्वच्छ नकार. तुम्ही विचारलंत, "कंची पडली गं?"

माझ्या मनात काय आलं ते आज सांगते. रान नसलं तर हिचं काय उरणार? उघड्या माळावरच्या दगडाची पूजा पुतण्याही करील. मग आबा माझ्या घरी येतील, ओसरीवर बसतील, माझ्या हातचं गरम जेवतील. तेवढंच आलं मनात. वाड्याचं नाही, भीतीचं नाही. मी म्हटलं, "उजवी." तुम्ही गावाकडे वळलात आणि खणखणीत आवाजात म्हणालात, "आईनं उजवा दिला!"

संध्याकाळी सगळे पांगल्यावर तुम्ही नेहमीसारखं निर्माल्य उतरवायला बसलात. मी दिव्याची वात वळत होते. तुमची बोटं आधी डाव्या खांद्यावर गेली, तिथं काही नव्हतं. मग ती उजव्या खांद्यावर आली, आणि तिथं कळी होती. थांबलात. किती वेळ थांबलात ते मला सांगता येणार नाही, माझी वात हातातच वळायची राहिली. तुम्ही ती कळी अलगद सोडवलीत, माझा हात शोधलात, तळव्यावर ठेवलीत आणि माझी मूठ मिटलीत. म्हणालात, "दिवा लाव, अंधारतंय." बस. तेव्हा थोबाडीत मारली असतीत तर मी आज हे लिहीत बसले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला बोलावून चूक झाली म्हणून सांगता आलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत. पोरगी खोटं बोलली असं चारचौघांत म्हणायचं तुमच्या जिवावर आलं, म्हणून तुम्ही रान दिलंत. सुतारांची पहिली कुऱ्हाड पडली तेव्हा तुम्ही आईकडे तोंड करून बसला होतात, आणि मी तुमच्याकडे.

पुढे सगळं माझ्या मनासारखं झालं. तुम्ही कसब्यात आलात. ओसरीवर बसून पत्रावळी लावायला लागलात, डोळ्यांवाल्यांपेक्षा सफाईनं. सासूबाईंनी सुद्धा नाव ठेवलं नाही, म्हणजे बघा. पण तुम्ही जेवायचात चिमणीएवढं. शेजारच्या कुंभाराच्या थापटण्याचा कुऱ्हाडीसारखा आवाज आला की मान वर करायचात, आणि पुन्हा खाली घालायचात. एकदा मी विचारलं, "आबा, इथं बरं वाटतं ना?" तुम्ही म्हणालात, "घर चांगलं हाय तुझं, पोरी. फकस्त इथं उजवं डावं काय उमगत नाही बघ." मी स्वयंपाकघरात पळाले आणि चुलीत फुंकर घालत बसले, जाळ चांगला पेटलेला असताना. वर्षसुद्धा काढलं नाहीत तुम्ही. शनिवारातल्या त्या वाड्यात सणासुदीला मी अजून पत्रावळी पोहोचवते. चौकातल्या खांबांना आता तेलपाणी होऊन तकाकी आली आहे. लोक कौतुकानं हात फिरवतात. मी पदर सावरून मधून जाते.

हे सगळं माझं मला ठाऊक होतंच. कालचं मात्र नवं आहे, आणि त्यासाठीच हा कागद घेतला. नैवेद्य दाखवून झाल्यावर तुमचा पुतण्या म्हणाला, "अमावास्येला कौल हाय आक्का. त्याच वाड्याला आता वरचा मजला चढवायचाय. ऐन मागतायत. आई देईल तसं." मग तो मला कौतुकानं दाखवायला लागला, कळी कुठं लावायची, कशी लावायची. "उजवी म्हणजे ही," म्हणाला, आणि त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडचा खांदा दाखवला. मी म्हटलं, "ही? अरे ही तर तिची डावी." तो हसला. "नव्हं नव्हं. आबांकडनंच शिकलो की मी. त्या दिवशी मी जवळ हुतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं. ही पडली आणि आबा म्हणाले उजवी."

मी खाली बसले. त्या दिवसापासून, आबा! पेरणीचे कौल, सोयरिकींचे कौल, विहीर कुठं खणायची त्याचे कौल. तिनं नको म्हटलं की गाव पुढे जातं, आणि हो म्हटलं की मागे फिरतं. इतकी माणसं, इतकी वर्षं, माझ्या एका शब्दानं उलटी चालताहेत. नातीनं विचारलं, "आजी, ऊन लागलं का?" मी म्हटलं, "हो."

मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर तो विचारणार, मग आबा तसं का म्हणाले? त्याला मी काय सांगू? की आंधळ्या बापाला पोरीनं फसवलं? तेही चाललं असतं, माझी लाज आता किती दिवसांची! पण पुढचा प्रश्न येणारच, की संध्याकाळी निर्माल्य कोणी उतरवलं? गावात तुमच्या नावानं अजून शपथ घेतात हो. ज्या माणसानं आयुष्यभर तिच्या पुढ्यात खोटा शब्द काढला नाही, तो एकदा तिच्यापुढे गप्प बसला, तेही माझ्यापायी. हे मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं तर परवा पुन्हा कुऱ्हाडी येतील, तिनं नको म्हटलं तरी.

शेवटी पुतण्या घरी गेला, नात ओढ्यावर हातपाय धुवायला गेली, तेव्हा मी एकटीच आईपुढे उभी राहिले. दोन कळ्या भिजवल्या. एक तर दोनदा निसटली. गाऱ्हाणं घातलं, "आई, मी इतकी वर्षं तुझा राग केला. आता तूच सांग. बोलू का?" मग पाठ फिरवून तिला टेकले, उजवा हात वर केला आणि खातरजमा करून घेतली की कुठली कुठली ते. दगड तसाच गार होता. पुन्हा समोर येऊन बसले.

हा कागद मी तुमच्या पत्रावळीच्या जुन्या पेटीत ठेवणार आहे. नदीत सोडायचा म्हणत होते, पण नदीवर कोणी ना कोणी असतंच. परवा अमावास्या. कोथरूड काही काशी नाही, उद्या निघाले तरी वेळेत पोहोचेन. गुडघे दुखतात हे खरं, पण कालही दुखतच होते.

कळी तिच्या उजव्या खांद्यावरची पडली, आबा. आणि मी ती गावाच्या रीतीनं डावी धरली, नकाराची.